घर पाहावे विकून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सर्वांनी शाळेतल्या निबंधात केव्हा ना केव्हा वापरली आहे. ज्या अनुभवी माणसाने ती प्रथम म्हटली, त्याने आयुष्यात घर विकले नसावे. विकले असते, तर 'घर पाहावे विकून' हेही शब्द त्याने त्या म्हणीत जोडले असते. गेल्या वर्षी हा तिसरा अनुभव आमच्या घराने घेतला. त्यात जो पैसा गेला आणि जे थोडेफार शहाणपण आले, त्याचा हिशेब मी येथे मांडणार आहे. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून घरच्या खर्चाची वही माझ्याकडे असते. त्यामुळे हा हिशेब ऐकीव नाही, वहीतला आहे.

आमचे घर येडशीच्या जुन्या गावठाणात. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद, दारातून आत शिरताच ढाळज, मग ओसरी आणि त्यामागे तीन खणांचे माजघर. पणजोबांनी बांधलेल्या वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा एवढा भाग आमच्याकडे आला. घर विकायची हौस कोणालाच नव्हती. पण सोसायटीचे कर्ज थकले होते आणि धाकट्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. त्यातच येडशीच्या जागांना भाव आला होता. पूर्वी बाहेरगावी आपले गाव रामलिंगाच्या यात्रेमुळे माहीत असे. आता महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या कागदांत 'सोलापूर–येडशी' आणि 'येडशी–औरंगाबाद' अशी टप्प्यांची नावे पडली आणि गावठाणातल्या पडक्या भिंतींकडेही लोक कुतूहलाने पाहू लागले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घर काढायचे ठरवले.

मध्यस्थ आले. त्यांनी घर पाहिले, सुपारी कातरली आणि म्हणाले, "घर भक्कम आहे, पण कळा नाही. रंगरंगोटी करून घ्या, दोन लाखांचा फरक पडेल." पुण्याला असणाऱ्या तात्यांनी त्यांचीच री ओढली. "दादा, गिऱ्हाईक डोळ्यांनी घर घेतं. आमच्याकडे तर विकायच्या घरात भाड्याचं फर्निचर आणून ठेवतात." अण्णांनी दोन रुपये शेकड्याने पैसे उचलले आणि काम सुरू झाले. वहीतली नोंद अशी आहे : पुट्टी, प्रायमर, रंग व मजुरी ३०,००० रुपये. माजघराच्या मागच्या भिंतीला प्लायवुडचे आवरण व वर पीओपीचे छत ३०,०००. दारांचे पॉलिश व नवे दिवे ७,५००. सोफा, पडदे व कुंड्या यांचे भाडे ४,५००. एकूण ७२,००० रुपये. व्याज महिन्याला १,४४०.

यातली दुसरी नोंद वाचकांनी ध्यानात ठेवावी. या लेखाचे कारण तीच आहे.

विकण्यासाठी घर नटवणे हा अमेरिकेत स्वतंत्र धंदाच आहे. १९७० च्या दशकात सिएटलच्या परिसरात बार्ब श्वार्ट्झ नावाच्या बाईंनी तो नावारूपाला आणला, असे सांगतात. नाटकाच्या रंगमंचाची मांडणी करावी तशी घराची मांडणी करायची, अडगळ काढायची, घर उजळ करायचे आणि येणाऱ्याला आपण येथे राहतो आहोत असे वाटू द्यायचे, ही त्यातली मूळ कल्पना. आपल्याकडे मोठ्या शहरांतली 'नमुना सदनिका' हे त्याच कुळातले प्रकरण. चुलतभावासोबत मी पुण्यात अशी एक सदनिका पाहिली. खोल्यांना दारेच नव्हती, त्यामुळे त्या ऐसपैस वाटत होत्या. पलंगावर आडवा झाल्यावर भावाचे पाय बाहेर आले, तेव्हा पलंगच आखूड असल्याचे आम्हाला समजले.

कोणी म्हणेल, यात नवे काय? आपले शेतकरी बाजाराला बैल नेतात तेव्हा त्याची शिंगे साळत नाहीत का? शिंगांना हिंगूळ, वर बेगड, गळ्यात घुंगुरमाळ, अंगावर झूल, हा थाट विक्रीसाठीच असतो. खरे आहे. पण बैलाच्या बाजारातला पुढचा भागही पाहिला पाहिजे. घेणारा झुलीकडे पाहून पैसे मोजत नाही. तो बैलाचा जबडा उघडून दात पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चालवून पाहतो, गाडीला जुंपून पाहतो. बैल मारका आहे की जुवाखाली बसतो, हे विचारतो. विकणाऱ्याने खोड लपवली तर पुढच्या बाजारी त्याच्या दावणीपुढे कोणी उभे राहत नाही. मग उपरण्याखाली हात जातो आणि बोटांनी किंमत ठरते. म्हणजे बैलाच्या सजावटीने कोणी फसत नाही. पारख करण्याची रीत सजावटीपेक्षा जुनी आणि पक्की आहे.

घराचे असे नाही. घर कोणी जुंपून पाहत नाही. अर्ध्या तासात ओसरी, माजघर आणि न्हाणी पाहून माणूस जन्माची कमाई देतो. शिवाय घर विकणारा बहुधा एकदाच विकतो. पुढच्या बाजारी त्याला उभे राहायचेच नसते, म्हणून अब्रूचा धाकही कमी. बैलाच्या बाजारातली झूल आपण घरावर चढवली आणि दात पाहण्याची रीत मात्र बाजारातच ठेवून आलो, हे माझे पहिले म्हणणे आहे.

आता ती दुसरी नोंद. आमच्या माजघराच्या मागच्या भिंतीला पोट आले होते. मराठवाड्यात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या वाचकांसाठी सांगते. आपल्याकडची दगडी भिंत वरवर एक दिसली तरी पुष्कळदा ती दोन भिंती असते. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि मधल्या पोकळीत चिपा नि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड ठिकठिकाणी घातलेले असतील तर भिंत एकजीव राहते. ते नसतील तर पावसाचे पाणी मुरत जाते, मधली माती खाली बसते आणि एक थर दुसऱ्यापासून सुटून फुगतो. वर माळवदाच्या मातीचे ओझे असतेच.

असली भिंत काय करते, हे आपल्या जिल्ह्याला ३० सप्टेंबर १९९३ रोजी कळले. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर परिसर हादरला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतल्या बहुतेकांना त्यांच्याच घरांच्या भिंतींनी आणि माळवदांनी पुरले. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, ५२ गावे नव्या जागी वसली. जी घरे उभी राहिली होती त्यांच्यासाठी अभियंत्यांनी साधे उपाय सांगितले : भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घाला, वरून पट्टा बांधा, माळवदाची माती कमी करा. आमच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे आमच्या भिंतीचे पोट त्याच पहाटेचे आहे. तेव्हापासून त्या भिंतीशी अंथरूण घालायचे नाही, हा तिचा नियम. आम्ही भावंडे तो पाळत मोठी झालो. त्याचे कारण आम्ही कधी विचारले नव्हते, इतका तो अंगवळणी पडला होता.

त्या भिंतीवर प्लायवुड ठोकले, वर फिकट निळा कागद लावला. माळवदाच्या काळवंडलेल्या तुळया पीओपीच्या आड गेल्या. माजघर खरोखर सुंदर दिसू लागले. मला ते आवडले होते, हे कबूल केले पाहिजे. मैत्रिणींना बोलावून मी ते दाखवलेही.

पहिलेच चांगले गिऱ्हाईक म्हणजे एस. टी. तले एक वाहक आणि त्यांची पत्नी. कडेवर सात-आठ महिन्यांचे मूल. घर त्यांच्या मनात भरले. दहा लाखांवर बोलणे आले. निघता निघता त्या बाईंनी माजघरात वर पाहून विचारले, "तुळईला कडी हाय का? पाळणा टांगाया." अण्णा गप्प राहिले. मध्यस्थ म्हणाले, "वहिनी, कडी बसवता येईल की." तेव्हा दारात बसलेली आजी बोलली, "कडी हाय, त्या छताच्या वर झाकलीया. पर लेकराला त्या भितीपशी निजवू नगंस, बाई. तिला भूकंपात पोट आलंया. ह्यांनी वरून फळ्या मारल्यात."

मध्यस्थांनी कपाळाला हात लावला. ते जोडपे काही न बोलता निघून गेले. तात्यांचा त्या रात्री फोन आला आणि आजीला कधी नव्हे ते त्यांनी दुखवले. आजीने एवढेच उत्तर दिले, "मी तुला तिथं निजू दिलं व्हतं का?"

तीन आठवड्यांनी ते वाहक परत आले. सोबत त्यांचा गवंडी होता. त्याने एक फळी उचकटली, भिंतीवर हातोडी वाजवून पाहिली आणि हिशेब सांगितला : भिंत खणाला टेकू देऊन उतरवायची, आरपार दगड घालून पुन्हा चढवायची, माळवदाची जास्तीची माती काढायची, साठ हजार रुपये. ते ६०,००० वजा जाता ९,४०,००० ला व्यवहार ठरला. तुम्ही परत कसे आलात, असे अण्णांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले की, इतर पाच घरे पाहिली, तिथे कोणीच काही दोष सांगितला नाही, त्यामुळे तिथे काय झाकले असेल याची जास्त भीती वाटली.

कागदपत्रांना वेळ लागला. पैसे उचलल्यापासून खरेदीखत होईपर्यंत पाच महिने गेले. आता वही उघडू. नटवण्याचे ७२,०००, पाच महिन्यांचे व्याज ७,२००, किमतीतून गेलेले ६०,०००. एकूण १,३९,२००. याउलट आम्ही आधीच भिंत उतरवून चढवली असती आणि बाकी घराला दिवाळीला देतो तसा चुना दिला असता, तर साठ हजार अधिक चार हजार, आणि त्यावर तेवढेच व्याज ६,४००, म्हणजे ७०,४०० रुपयांत भागले असते. फरक ६८,८०० रुपयांचा. ओसरीच्या रंगाचा नव्या मालकांना थोडाफार उपयोग झाला असेल, तो आमच्या पदरी पडला नाही. सर्वांत बोचणारी गोष्ट ही की, दोष झाकायला आणि घर नटवायला लागलेला पैसा दोष काढायला लागणाऱ्या पैशापेक्षा जास्त होता. आणि भिंत आतून तशीच होती.

यावर माझ्या वर्गातल्या एका मित्राचा आक्षेप असा की, आजी बोलली नसती तर तुम्हाला दहा लाख मिळाले असते. म्हणजे तोटा रंगामुळे झाला नाही, खरे बोलण्यामुळे झाला. आक्षेप बिनतोड वाटतो. पण मग तो साठ हजारांचा खर्च नाहीसा झाला असता का? तो त्या वाहकांच्या घरात गेला असता, आणि तोही न सांगता. खर्च आपल्या वहीतून काढून दुसऱ्याच्या वहीत टाकला म्हणजे नफा झाला, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचा विचार करावा. त्या वहीत रुपये लिहिले जातील की आणखी काही, हे ठरवणे आपल्या हातात नसते. माजघरात पाळणा होता.

अर्थशास्त्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : विकणाऱ्याला मालाचा दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. घेणारा म्हणून सगळ्याच मालाला कमी किंमत देऊ लागतो. त्यामुळे चांगला माल असणारा बाजारातून अंग काढून घेतो आणि शेवटी बाजारात वाईटच माल उरतो. आपल्या गावठाणात हेच होऊ घातले आहे. जो तो घर रंगवू लागला, तर रंगाला किंमत उरणार नाही, पण रंगाशिवाय घर विकणेही अवघड होईल. ज्याची भिंत खरोखर ठणठणीत आहे, त्यालाही ती ठणठणीत आहे हे पटवून देता येणार नाही. लाभ फक्त दुकानदाराचा आणि व्याज खाणाऱ्याचा.

मग कायदा काय म्हणतो? मी समजत होते की 'पाहून घ्या' एवढाच आपल्याकडचा नियम आहे. तसे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमात, वेगळा करार नसेल तर, विक्रेत्याने मालमत्तेतला असा महत्त्वाचा दोष सांगितला पाहिजे, जो त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला दिसणार नाही. तो न सांगणे हे कपट समजले जाते. प्लायवुडमागची भिंत याहून चांगले उदाहरण कोणते? २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बिल्डरांच्या प्रकल्पांपुरती आणखी सोय केली आहे. त्याच्या १२ व्या कलमात खोट्या जाहिरातीबरोबर नमुना सदनिकेचाही स्पष्ट उल्लेख आहे. पण येडशीच्या गावठाणातले जुने घर कोणा प्रकल्पात येत नाही. तिथे १८८२ चेच कलम आधाराला आहे, आणि ते वापरायचे म्हणजे कोर्टाची पायरी चढायची. कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकापासून घर विकणाऱ्याला घराचे दोष ठरावीक छापील कागदावर लिहून द्यावे लागतात. घर नटवायचे अमेरिकेकडून आपण शिकलो, पण हा कागद मात्र तिकडेच राहिला.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून एक खुलासा करते. पाहुणा येणार म्हणून अंगण सारवणे, सणाला भिंतीला चुना देणे, विकण्यापूर्वी अडगळ काढणे, याला माझा विरोध नाही. घर स्वच्छ करून दाखवणे हा घेणाऱ्याचा मानच आहे. अडगळ काढली की भिंत अधिक चांगली दिसते. फळी मारली की ती दिसेनाशी होते. विकण्यासाठी करायच्या प्रत्येक खर्चाला एवढा एकच प्रश्न विचारावा : याने घेणाऱ्याला जास्त दिसेल की कमी? कमी दिसणार असेल तर तो पैसा गवंड्याला द्यावा. गवंड्यापुरताही पैसा नसेल तर, आजीने केले तसे, नुसते सांगावे. सांगायला पैसे पडत नाहीत असे मी म्हणणार नाही. आम्हाला साठ हजार पडले. पण ते आमच्याच भिंतीचे होते.

शेवटी आपल्या महाविद्यालयाकडे एक मागणे. आपली राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी होतात. रस्ते झाडतो, झाडे लावतो, घोषणा देतो. एक वर्ष आपण गावठाणातली दगडी घरे पाहत फिरू या. कोणत्या भिंतीला पोट आहे, कुठे माळवदावर हातभर माती आहे, कुठे ओल मुरते आहे, याची नोंद घरमालकाच्या संमतीने करू या आणि ती त्याच्याच हाती देऊ या. सोबत एका पानाचा मराठी दोषपत्रकाचा नमुना छापू या : भिंत, छत, ओल, पाणी, सामाईक भिंत, वाटणी, वाद. ज्याला घर विकायचे आहे तो प्रामाणिकपणे भरेल, ज्याला घ्यायचे आहे तो निदान मागेल तरी. भूगोल, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र अशा तिन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना काम पुरेल, आणि सरांनी मनावर घेतले तर अवघडही नाही.

आम्ही आता बसस्थानकाच्या बाजूला दोन खोल्यांत भाड्याने राहतो. बहीण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात जुन्या घरावरून गेले तेव्हा मागची भिंत नवी झालेली दिसली. तिला अजून गिलावा नव्हता आणि आरपार घातलेल्या दगडांची तोंडे बाहेरून मोजता येत होती. मी घरी येऊन आजीला सांगितले. तिने विचारले, "पाळणा कुठं टांगलाय?" मी आत गेले नव्हते. पुढच्या वेळी पाहून सांगेन म्हणाले.